एन्डोमेट्रिओसिस, हार्मोनची गोळी आणि खचलेलं मन: नेमकी सुरुवात कुठून करायची?

नीरजा_सांगली

वहिनीसाठी विचारतेय. वय ३१, एन्डोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढते तो आजार) निदान झालंय, डाव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली गाठ). चार महिन्यांपासून डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम, रोज रात्री एक. कळा आल्या तर मेफेनॅमिक आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली गोळी. ओटीपोटातलं दुखणं निम्म्यावर आलंय, पण डाग लागायचे थांबत नाहीत आणि गेले दोन महिने मन साफ खचलंय. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, कशात जीव रमत नाही, कुणी साधं "जेवलीस का" विचारलं तरी डोळे भरतात. घरात दोन मतं आहेत. एक, "दुखणं कमी झालंय ना, मग आता काय?" दुसरं, "सगळं मनावर घेते म्हणूनच दुखतं."

हे गोळीमुळे होतंय, आजारामुळे होतंय की वेगळं डिप्रेशन आहे, हे ओळखायचं कसं? मनाच्या गोळ्या हार्मोनच्या गोळीसोबत चालतात का? घरात काय बदलायचं? आणि डॉक्टरांकडे जेमतेम पाच मिनिटं मिळतात, त्यात काय सांगायचं? जाणकारांनी नेमकं सांगावं, "सकारात्मक राहा" सोडून.

शमी

नीरजाताई, बाकी सगळं नंतर, एक काम आजच करा. वहिनींना एकटं गाठून सरळ विचारा: "जगणं नको वाटतं का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. असला तर तो बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, किंवा काहीच न बोलता मान खाली गेली, तर त्यांना एकटं सोडू नका आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. कसं आणि कधी करायचं हेही मनात ठरलेलं असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा, बाहेर फक्त आठवड्यापुरत्या. शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधंही कुलपात.

आता मूळ प्रश्न. गोळी, आजार की डिप्रेशन, हे एका भेटीत कुणीच सांगू शकत नाही. चार आठवड्यांची वही सांगू शकते. कालनिर्णयवर तारखेला गोल करायची सवय बहुतेक घरांत असते, पण त्यातून फक्त पाळी कळते. साधी वही घ्या, रोज जेवण झाल्यावर एकच ओळ: दुखणं (० ते १०), मन (० ते १०), झोपेचे तास, रक्त (नाही / डाग / पाळीसारखं), गोळी घेतली का, आणि त्या दिवशी झालेलं एखादं ठळक काही. उदाहरणार्थ:

"१४ तारीख. दुखणं ३, मन २, झोप ५ तास, डाग, गोळी घेतली, दिवसभर खोलीतच."

दुखण्याचा आकडा जितका मोठा तितकं वाईट आणि मनाचा जितका मोठा तितकं चांगलं, हे पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. इथे गोंधळ झाला की महिन्याची मेहनत वाया जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रविवारी बसून आठवडा भरून काढणं. तसं केलं की सगळ्यात वाईट दिवस सगळ्या आठवड्यावर पसरतो. एखादा दिवस राहिला तर तो कोरा सोडा.

वर लिहिली तशी ओळ फार बोलकी असते. दुखणं ३ आणि मन २ असे दिवस पुन्हा पुन्हा दिसले, तर "दुखतंय म्हणून उदास" एवढ्यावर भागत नाही. दुखणं चढलं की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी मन पडतं आणि दुखणं उतरलं की मन वर येतं असं असेल, तर दुखण्यावरचा उपचार आधी नीट बसवायला हवा. आणि गोळी सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत मन खाली गेलं, दुखणं कमी होऊनही तिथेच राहिलं, तर गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. मन उदास होणं हा डायनोजेस्टच्या माहितीपत्रकातच नोंदलेला दुष्परिणाम आहे, आणि आधी डिप्रेशन येऊन गेलेल्या बाईवर जास्त लक्ष ठेवावं असंही त्यात असतं. वहिनींना पूर्वी कधी असा काळ आला होता का, हे विचारून घ्या.

तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दुखणं आणि रक्तस्राव उलटून येऊ शकतो आणि मग काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरे पर्याय असतात: वेगळं प्रोजेस्टेरॉन, संयुक्त गोळी, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी. एकीने मन बिघडलं म्हणजे दुसरीनेही बिघडेलच असं नाही. उलट खात्रीही कुणी देऊ शकत नाही, म्हणून बदलल्यावरही वही चालू ठेवायची. कुणी दर महिन्याचं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुचवलं, तर त्याने शरीर काही काळ रजोनिवृत्तीसारख्या अवस्थेत जातं हे माहीत असू द्या. अंगातून वाफा, झोप उडणं, चिडचिड. आत्ताच्या मनःस्थितीत ते द्यायचं का आणि द्यायचं तर सोबत थोडं हार्मोन परत देणार का, हे आधी विचारा.

ज्या बायका हार्मोन घेत नाहीत त्यांनी याच वहीत पाळीआधीचा आठवडा बघावा. मन फक्त त्या आठवड्यात कोसळतं आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत सावरतं, असं सलग दोन चक्रांत दिसलं तर ते पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी येणारा मनाचा तीव्र त्रास, असू शकतं. त्याचा उपचार वेगळा आहे.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. पण झोप, थकवा आणि भूक हे प्रश्न एन्डोमेट्रिओसिसनेही वर जातात. म्हणून नुसती बेरीज पाहू नका. पहिले दोन (रस न वाटणं, उदास वाटणं), स्वतःला दोष देण्याचा आणि शेवटचा नववा, हे चार वेगळे बघा. नवव्याला शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, थांबायचं नाही.

एक तपासणी राहून जाते. महिनोन् महिने रक्त जात असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) आणि शाकाहारी असतील तर बी१२ करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर धाप, थकवा आणि कशातच लक्ष न लागणं हे निम्मं त्यातूनही येत असेल. लोहाची गोळी चहासोबत घेतली की अंगी लागत नाही, मध्ये किमान तासभर जाऊ द्या.

आणि "मनावर घेते म्हणून दुखतं" याबद्दल. पिशवीच्या अस्तरासारखी ऊती पोटात भलतीकडे वाढते, तिथे सूज येते, मज्जातंतू सतत डिवचले जातात. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा आवाज मोठा करून ऐकू लागतात. उदासी आणि अपुरी झोप तो आवाज आणखी वाढवतात. त्यामुळे मनावर उपचार केल्याने दुखणं कमी झालं तर दुखणं खोटं होतं असं ठरत नाही. हे वाक्य घरातल्यांना वाचून दाखवा.

खलबत्ता

औषधांपुरतं लिहितो.

डिप्रेशनसाठी साधारणपणे एसएसआरआय गटातली गोळी देतात, एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन. पहिला आठवडा मळमळ, थोडी अस्वस्थता, क्वचित झोप आणखी बिघडणं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा आठवड्यांनी येतो. नेमकं याच पहिल्या पंधरवड्यात "हिने तर जास्तच त्रास झाला" म्हणून गोळी बंद केली जाते. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवतात आणि बंद करताना डोस हळूहळू उतरवतात.

डायनोजेस्टसोबत एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन सहसा अडचण करत नाहीत. फ्लुऑक्सेटिन आणि फ्लुव्होक्सामिनमुळे रक्तातलं डायनोजेस्ट वाढू शकतं, ते देताना डॉक्टरांना डायनोजेस्ट चालू असल्याचं माहीत हवं. उलट कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन (दोन्ही फिट्सची औषधं), रिफॅम्पिसिन (क्षयरोगाचं) आणि ऑनलाइन "नैसर्गिक" म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट हे हार्मोनच्या गोळीचा जोर कमी करतात. सेंट जॉन्स वर्ट आणि एसएसआरआय एकत्र तर मुळीच नको.

खरी काळजी वहिनींच्या दुसऱ्या गोळीची आहे. मेफेनॅमिक आणि एसएसआरआय एकत्र घेतल्याने जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. कळा महिन्यातून एक-दोन दिवस असतील तर भरल्या पोटी घेऊन निभावतं. आठवड्यातून चार-पाच दिवस लागत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना तसं सांगा, ते पोट सांभाळणारी गोळी जोडतील किंवा वेदनाशामक बदलतील. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दाखवा. (लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो, पण ते चिकट आणि घाण वासाचं नसतं.) मेफेनॅमिकबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरअखेर सावधगिरीची सूचना काढली होती: अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

ट्रामाडॉल हे आणखी एक. दुखणं आवरत नाही म्हणून एक डॉक्टर ट्रामाडॉल देतात, दुसरे एसएसआरआय. दोन्ही मिळून घाम, थरथर, धडधड, भ्रम अशी गंभीर अवस्था येऊ शकते. तसंच जुनाट दुखण्यासाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम देतात. डायसायक्लोमिनही त्याच प्रकारे तोंड कोरडं करतं आणि बद्धकोष्ठ वाढवतं, आणि एन्डोमेट्रिओसिसमध्ये शौचाला कुंथावं लागणं म्हणजे नवं दुखणं. ॲमिट्रिप्टिलिन जास्त प्रमाणात जीवघेणं आहे, शमी यांनी सांगितलेला आठवड्याचाच साठा इथे तंतोतंत पाळा.

गॅबापेन्टिन कुणी सुचवलं तर विचारा कशासाठी. दुर्बिणीतून काही न सापडलेल्या, तरीही ओटीपोट सतत दुखणाऱ्या बायकांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २०२० साली लॅन्सेटमध्ये छापून आली. साध्या खोट्या गोळीपेक्षा गुण जास्त नव्हता, गुंगी मात्र जास्त होती.

शेवटचं, झोपेची अर्धी गोळी. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम दोन-तीन आठवड्यांपुरतं ठीक. जुनी चिठ्ठी दाखवून तीच पुढे वर्षभर आणली जाते, सवय लागते, आणि मग एकदम सोडली तर त्रास होतो. सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून फोनमध्ये फोटो ठेवा.

ओसरी

घराबद्दल. डाग थांबत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या घरी पाळीत बाजूला बसायची पद्धत आहे का? असेल तर मन खचण्याचं एक कारण तिथेच आहे. डायनोजेस्टवर पहिले तीन-चार महिने डाग लागणं नेहमीचं आहे. प्रत्येक डागाला "कावळा शिवला" धरलं तर महिन्यातले वीस दिवस ही बाई देवघराबाहेर, स्वयंपाकघराबाहेर, हळदीकुंकवाबाहेर. चार माणसांत मिसळायचे जे दोन-तीन प्रसंग असतात तेही गेले. पद्धतच मोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण सासूबाईंशी तो वाद आज वहिनींच्या जिवावर नको. पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या आणि "हे डाग पाळीचे नाहीत, औषधाचे आहेत" एवढं डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. सुनेने सांगितलेलं न पटणाऱ्यांनाही हे पटतं.

"एक मूल झालं की सगळं जाईल" हेही बंद करा. ईएसएचआरई या युरोपातल्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: एन्डोमेट्रिओसिसचा उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. शिवाय डायनोजेस्ट चालू असताना बीज बनणं बहुतेक वेळा थांबलेलं असतं, मग दर महिन्याला "काही बातमी?" विचारण्यात काय अर्थ? (तरी ती गर्भनिरोधक म्हणून मान्य गोळी नाही. मूल नको असेल तर कंडोम हवाच.)

"पिशवीच काढून टाका" असं कुणी म्हणालं तर थांबा. हा आजार पिशवीच्या बाहेर असतो, पिशवी गेली तरी तो मागे राहू शकतो. सोबत दोन्ही अंडाशयं काढली तर ३१ व्या वर्षी रजोनिवृत्ती येते, आणि तिचा भार हाडांवर, हृदयावर, मनावर पडतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या जात होत्या म्हणून २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, हे विसरू नये.

संबंधांच्या वेळी दुखतं का, हे भावाने विचारायला हवं, तुम्ही नाही. बहुतेक नवरे हे "नको म्हणते" असं समजतात आणि बायको दुखणं गिळत राहते किंवा जवळ येणंच टाळते. वेग, पद्धत, दुखणारे दिवस यांवर दोघांनी बोलावं, आणि त्या काळात नुसतं जवळ झोपणं चालू ठेवावं.

पायवाट

दोन गोष्टी जोडते.

बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, हे चक्र मनाला फार पोखरतं, कारण दर वेळी "मी कामाची राहिले नाही" हाच निष्कर्ष निघतो. त्यावर उपाय मोजणं. समजा ओट्याशी ४० मिनिटं उभं राहून कणीक, पोळ्या, भाजी केली की रात्री दुखणं ७ वर जातं, आणि २० मिनिटांनी जात नाही. तर १५ मिनिटांचा गजर लावा, वाजला की पोळी तव्यावर असेल ती उतरवून बसायचं, दहा मिनिटं, मग पुढचा फेरा. चांगल्या दिवशीही पंधराच! हेच सगळ्यात अवघड जातं. आठवडाभर दुखणं वाढलं नाही तर एक-दोन मिनिटं वाढवायची.

श्वास: पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी, एक हात बेंबीवर. चार मोजत नाकाने आत, पोट वर येऊ द्यायचं, सहा मोजत बाहेर. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बहुतेक जणी पोट आत ओढून धरतात आणि लघवी रोखावी तसे खालचे स्नायूही आवळतात, मग श्वासाने दुखणं वाढतं. जबडा सैल सोडला की खालचेही सैल सुटायला मदत होते. हे बऱ्या दिवसांत शिकायचं, कळ आल्यावर पहिल्यांदा करून बघितलं तर जमत नाही. कळांच्या दिवशी कपालभाती बाजूला ठेवा, त्यात पोटाला झटके बसतात.

पहाटे तीनच्या जागेसाठी: वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं, झोप आली की परत. मोबाइल आणि घड्याळ दोन्ही नजरेआड. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच.

नीरजा_सांगली

मनापासून आभार. विचारलं तिला. "मरावंसं नाही, पण हे संपावं असं वाटतं" म्हणाली. गोळ्यांचा डबा माझ्याकडे आणलाय, आज रात्री तिच्याजवळच झोपतेय. आता दाखवायचं कुणाला, समुपदेशक की मानसोपचारतज्ज्ञ? आणि घरच्यांना भीती आहे की कुठे नोंद होईल.

शमी

"हे संपावं" हेही गंभीरच धरा. आजच १४४१६ ला दोघींनी मिळून फोन करा आणि याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी झालेले डॉक्टर. गोळी लिहिण्याचा अधिकार त्यांना आहे. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. बोलून करायच्या उपचारासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा आणि त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात गैर काही नाही. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलून करायचा उपचार) साधारण आठ ते बारा बैठका, आठवड्याला एक. पहिल्याच भेटीत सांगा की आजार राहणार आहे आणि त्यासह जगायचं आहे. नाहीतर निम्म्या बैठका दुखणं खरं आहे हे पटवण्यात जातात.

नोंदीची भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि आरोग्यविमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे.

पाच मिनिटांसाठी ही चिठ्ठी. वहिनींच्याच अक्षरात लिहा आणि बसल्याबसल्या डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगताना रडू आलं तरी काही राहून जात नाही:

"डायनोजेस्ट सुरू: अमुक तारीख. दुखणं आधी ८, आता ४. मन आधी ७, आता २, अमुक आठवड्यापासून. झोप ५ तास, पहाटे ३ ला जाग. डाग महिन्यात इतके दिवस. मेफेनॅमिक आठवड्यात इतक्या. पीएचक्यू-९ इतके, नववा प्रश्न इतका. हे संपावं असे विचार येतात. मला विचारायचं आहे: गोळी बदलायची का, आणि मानसोपचारतज्ज्ञांशी तुम्ही बोलाल का?"

रिकाम्या जागी वहीतले आकडे भरा. मागच्या बाजूला खलबत्ता यांनी सांगितलेली गोळ्यांची यादी.